डिशवॉशरमधील धुरकट काच: आधी निदान, मग उपाय

डिशवॉशरमधून निघालेले काचेचे पेले धुरकट दिसू लागले की बहुतेक घरांत एकच उपाय सुचतो: पावडर थोडी जास्त घालायची, पाणी आणखी गरम ठेवायचे आणि लांबचा प्रोग्राम लावायचा. काचेवरचा पांढुरका थर पाण्यातील क्षारांचा असेल, तर या उपायाने थोडाफार फरक पडतोही. परंतु तो धुरकटपणा काचेच्या स्वतःच्या झिजेचा असेल, तर हाच उपाय तिची उरलीसुरली चकाकीही घालवतो. वरवर सारखे दिसणारे हे दोन विकार मुळात परस्परविरुद्ध आहेत. एकात काचेवर बाहेरून काहीतरी येऊन बसलेले असते, तर दुसऱ्यात काचेतूनच काहीतरी निघून गेलेले असते. पहिला जड पाण्यामुळे होतो आणि दुसरा अतिशय हलक्या पाण्यात बळावतो. त्यामुळे आपल्या पेल्यांना यांपैकी नेमके काय झाले आहे हे ठरवल्याशिवाय यंत्राचे कोणतेही सेटिंग बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

निदान करणे अवघड नाही. धुरकट पेला आधी पूर्ण कोरडा करावा. ओला असताना तपासण्यात अर्थ नसतो, कारण काचेवरच्या सूक्ष्म खळग्यांत पाणी भरले की खराब झालेली काचसुद्धा स्वच्छ दिसते. कोरडा पेला खिडकीशी धरून त्याच्या बाहेरच्या बाजूला एका ठिकाणी व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब सोडावेत, पाचेक मिनिटे थांबावे, बोटाने चोळावे आणि साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसून घ्यावे. थेंब पडले होते तेथे नाण्याएवढा गोल लख्ख झाला आणि भोवतीची काच तशीच दुधाळ राहिली, तर तो क्षारांचा थर आहे हे नक्की समजावे. असा थर नखाने खरवडला असता पुष्कळदा नखावर पांढरी भुकटीही येते. याउलट आम्लाने काहीच फरक पडला नाही आणि काच नखाला गुळगुळीतच लागली, तर काच झिजली आहे. या झिजेची सुरुवात ओळखण्याची आणखी एक खूण आहे. पेला तिरपा धरून उजेडात फिरवला असता त्यावर निळसर-जांभळी, इंद्रधनुषी झाक दिसते. धुरकटपणा डोळ्यांना जाणवण्याच्या आधीची ही पायरी असते आणि सावध व्हायचे असेल तर ते याच टप्प्यावर व्हावे, कारण पुढे परतीचा मार्ग नाही.

या दोहोंखेरीज तिसराही एक थर आपल्याकडच्या स्वयंपाकामुळे दिसतो. भाताची पेज, डाळीचा साका आणि दूध-ताकाचा साय मिसळलेला अंश यंत्रातील पाण्यात फिरत राहतो आणि तळाची जाळी तुंबलेली असेल, तर तो पेल्यांवर पातळ पापुद्र्यासारखा बसतो. हा थर व्हिनेगरने पूर्ण जात नाही, पण भांडी घासण्याच्या साध्या साबणाने हाताने घासला की निघतो. अशा वेळी पाण्याच्या जडपणाचा विचार करत बसण्याऐवजी जाळी काढून तिच्यात अडकलेली भाताची शिते आणि जिरे-मोहरीचे दाणे काढावेत आणि जाळी ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासून परत बसवावी. हे काम आठवड्यातून एकदा झाले पाहिजे.

आता क्षारांच्या थराकडे वळू. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. त्यामुळे देशावरच्या बहुतेक बोअरवेलचे पाणी दुष्फेन, म्हणजे बोली भाषेत जड असते. तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल वरचेवर बदलावी लागते, या सगळ्या तक्रारींचे मूळ तेच आहे. असे पाणी तापले की बायकार्बोनेट विघटित होतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतो. डिशवॉशरमध्ये पाणी तापते आणि शेवटी पेल्यांवरच वाळते, त्यामुळे त्या थराला बसायला काचेहून सोयीची जागा नसते. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांचे आणि पुणे शहराला खडकवासला साखळीतील धरणांचे पाणी मिळते. हे पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे ते बरेच हलके असते. कोकणात जांभ्या दगडातील विहिरींचे पाणीही साधारणपणे हलकेच असते. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणपणाची, म्हणजेच जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर 600 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. याचा अर्थ असा की, पिण्यास पूर्णपणे योग्य ठरलेले पाणीसुद्धा काचेच्या दृष्टीने फार जड असू शकते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. घरोघरी आलेल्या पेनासारख्या टीडीएस मीटरने पाण्याचा जडपणा कळत नाही. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सर्व क्षारांचा मिळून एक अंदाज देतो. पाणी मृदू करणाऱ्या यंत्रणेत कॅल्शियमची जागा सोडियम घेते, त्यामुळे जडपणा नाहीसा होऊनही टीडीएसचा आकडा जवळजवळ तेवढाच राहतो. त्या आकड्यावर विसंबून डिशवॉशरमधील पाणी मृदू करणाऱ्या मिठाचे सेटिंग वाढवत नेणारी घरे मी पाहिली आहेत आणि तेथील काचेची झीजही पाहिली आहे. जडपणा मोजण्यासाठी पाण्यात बुडवायच्या पट्ट्या मिळतात, थेंब मोजून करायची छोटी किटही मिळतात, आणि मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या दुकानांत तर ती हमखास असतात. निकाल कधी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये येतो, तर कधी जर्मन अंशांत. एक जर्मन अंश म्हणजे सुमारे 17.8 मिलिग्रॅम, हे लक्षात ठेवले की यंत्राच्या पुस्तिकेतील तक्ता वाचता येतो. वर दिलेली 200 मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे सुमारे 11 अंश आणि 600 मिलिग्रॅम म्हणजे जवळजवळ 34 अंश.

भारतात मिळणाऱ्या बहुतेक डिशवॉशरच्या तळाशी पाणी मृदू करणारा एक कप्पा, म्हणजे सॉफ्टनर, असतो. त्यात राळेचे बारीक मणी असतात. पाणी त्यांच्यावरून जाताना आपले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या मण्यांना देते आणि त्यांच्याकडील सोडियम घेते. काही धुण्यांनंतर मणी भरून जातात, तेव्हा यंत्र शेजारच्या टाकीतील मिठाचे पाणी त्यांच्यावरून फिरवते, मण्यांवरचे कॅल्शियम गटारात सोडते आणि मणी पुन्हा कामाला लागतात. म्हणजे एरवी मीठ भांड्यांवर पडत नाही. ते केवळ मण्यांना ताजे करण्यासाठी असते. एवढे समजले की 'तीन-इन-एक गोळीत मीठ असते, वेगळे कशाला घालायचे' या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. गोळीतील घटक पाण्यातील थोडाफार कॅल्शियम बांधून ठेवतात, पण राळेच्या मण्यांपर्यंत ते पोहोचतच नाहीत. बोअरच्या जड पाण्याला गोळी एकटी पुरी पडत नाही.

मीठ भरताना मी काही गोष्टी कटाक्षाने पाळते. खालचा ट्रे पूर्ण बाहेर काढून झाकण फिरवून उघडायचे. यंत्र अगदी नवे असेल तर पहिल्या खेपेला तेवढे टाकीत आधी पाणी भरायचे. मग नरसाळे लावून डिशवॉशरसाठी मिळणारे जाड, शुद्ध मीठ ओतायचे. टाकीत साधारण किलोभर मीठ मावते. मीठ आत जाते तसे पाणी काठावरून बाहेर सांडते आणि त्याबरोबर खारे कणही येतात. ते झाकणाच्या आट्यांतून आणि रबरी कडेवरून ओल्या फडक्याने पुसून घेतले नाहीत, तर झाकण नीट बसत नाही, प्रत्येक धुण्यात थोडे खारे पाणी भांड्यांवर येते आणि पेल्यांवर पांढरा थर दिसू लागतो. तो जड पाण्याचा थर समजून लोक आणखी मीठ भरतात. झाकण घट्ट लावल्यावर लगेच एक धुणे लावावे, म्हणजे तळाशी सांडलेले खारे पाणी निघून जाते आणि स्टीलला गंजाचे डाग पडत नाहीत. स्वयंपाकातले आयोडीनयुक्त बारीक मीठ किंवा किराणा दुकानातले खडे मीठ येथे वापरू नये. बारीक मिठातील गुठळ्या न होऊ देणारे पदार्थ आणि खडे मिठातील मॅग्नेशियम-कॅल्शियमची भेसळ त्या मण्यांना त्रासदायक ठरते.

मिठाची टाकी भरली म्हणजे काम संपले असे नाही. यंत्राला आपल्या पाण्याचा जडपणा किती आहे हे सांगावे लागते आणि पुण्याच्या आजूबाजूला राहणाऱ्यांची खरी अडचण येथे सुरू होते. आमच्या भागात पावसाळ्यात आणि हिवाळ्यात महापालिकेचे धरणाचे पाणी येते, आणि मार्च उलटला की टँकर सुरू होतात. टँकरचे पाणी बहुधा विहिरीचे किंवा बोअरचे असते. नळ तोच, टाकी तीच, पण पाण्याचा जडपणा मात्र काही पटींनी बदललेला असतो. यंत्र बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने ज्या ऋतूत पाणी तपासले, त्याच ऋतूचे सेटिंग वर्षभर राहते. उन्हाळ्यात बसवलेल्या यंत्रात पुढे पावसाळाभर हलके पाणी विनाकारण अधिक मृदू केले जाते. पावसाळ्यात बसवलेल्या यंत्रातून एप्रिल-मेमध्ये पांढरे पेले निघतात. टँकर सुरू झाले की पट्टी बुडवून पाहावी, सेटिंग वाढवावे आणि धरणाचे पाणी पुन्हा सुरळीत झाले की आठवणीने उतरवावे. मोठ्या सोसायट्यांत सर्व इमारतींसाठी एकत्रित सॉफ्टनर बसवलेला असतो. तेथे घरी येणारे पाणी आधीच मृदू असते, म्हणून यंत्रातील सॉफ्टनर सर्वांत खालच्या पातळीवर ठेवावा किंवा सोय असल्यास बंदच करावा. मात्र सोसायटीचा सॉफ्टनर वेळेवर मीठ घालून चालू ठेवला जातो का, हे अधूनमधून पट्टीनेच तपासलेले बरे.

विदर्भातील खारपाणपट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांच्या पूर्णा खोऱ्यातील भूजलात कॅल्शियमबरोबर सोडियमचे क्षारही भरपूर असतात आणि राळेचा सॉफ्टनर सोडियम काढत नाही. तेथे सॉफ्टनर उत्तम चालत असूनही थेंब वाळलेल्या जागी पांढरे ठिपके राहतात. ते साध्या पाण्याने पुसले जातात, हीच त्यांची ओळख. अशा ठिकाणी थेंब काचेवर वाळूच न देणे हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी रिन्स एड, म्हणजे शेवटच्या पाण्यात मिसळणारा द्रव, असतो.

रिन्स एड हा चैनीचा पदार्थ आहे असे समजून अनेक जण तो टाळतात. त्यातील घटक पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे शेवटच्या पाण्याचे थेंब न होता ते पातळ पडद्यासारखे काचेवरून ओघळून जाते. जोडीला असलेले सायट्रिक ॲसिड उरलेल्या कॅल्शियमला धरून ठेवते. थेंबांचे ठिपके दिसत असतील तर मात्रा एका पायरीने वाढवावी, काचेवर निळसर ओघळ किंवा चिकटपणा दिसला तर एका पायरीने कमी करावी. रिन्स एडचे महत्त्व अलीकडे वाढले आहे, आणि त्यामागे एक कारण आहे. पूर्वी डिशवॉशरच्या पावडरमध्ये फॉस्फेट असे. ते कॅल्शियमला बांधून ठेवी आणि सुटलेली घाण पुन्हा भांड्यांवर बसू देत नसे. परंतु सांडपाण्यातून नद्या-तलावांत जाऊन ते शेवाळ वाढवते, म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांनी 2010 च्या जुलैपासून आणि युरोपीय संघाने 1 जानेवारी 2017 पासून घरगुती डिशवॉशरच्या पावडरमधील फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली. त्यानंतर पेल्यांवर पांढरा थर येत असल्याच्या तक्रारी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झाल्या. तलाव वाचवण्यासाठी थोडा रिन्स एड आणि नीट लावलेला सॉफ्टनर ही मला फार मोठी किंमत वाटत नाही.

काच झिजते म्हणजे काय होते, हे समजून घेतल्याखेरीज दुसऱ्या विकाराविरुद्धची काळजी पटत नाही. रोजच्या वापरातील काच सोडा-लाइम प्रकारची असते. तिच्यात सत्तर टक्क्यांहून थोडी अधिक सिलिका, तेरा-चौदा टक्के सोडियम ऑक्साइड आणि दहा टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम ऑक्साइड असते. सोडियम हा त्या जाळीत सैल बसलेला घटक आहे. गरम पाण्यात काचेच्या पृष्ठभागावरचा सोडियम बाहेर पडतो आणि त्याची जागा पाण्यातील हायड्रोजन घेतो. एवढ्यावर थांबले तर फारसे बिघडत नाही. परंतु डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कधर्मी असते, आणि अशा द्रावणात सिलिकेची जाळीच हळूहळू विरघळू लागते. तापमान जितके जास्त आणि वेळ जितका लांब, तितके हे काम वेगाने चालते. पाण्यात थोडा कॅल्शियम असेल तर तो काचेच्या पृष्ठभागाला काही प्रमाणात आधार देतो. पाणी पूर्ण मृदू असेल, पावडर मापापेक्षा जास्त असेल आणि भांड्यांवर फारशी घाण नसेल, तर कॅल्शियम बांधायला आणि घाण काढायला आणलेले घटक काचेवरच काम करू लागतात. भांडी आधी नळाखाली लख्ख विसळून यंत्रात लावण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच काचेला अहितकारक ठरते. खरकटे काढून टाकावे, विसळत बसू नये.

यावरून पावडरचे माप पाण्याच्या जडपणानुसार आणि भांड्यांच्या तेलकटपणानुसार ठरवावे हे ओघाने आलेच. कढई-कुकरच्या धुण्याला लागणारी पावडर आणि चहाच्या कपांबरोबर पेल्यांच्या धुण्याला लागणारी पावडर एक नसते. गोळीत हे माप आपल्या हातात राहत नाही, म्हणून हलक्या पाण्याच्या घरांत मी पावडरचीच शिफारस करते. पेल्यांसाठी 40 ते 50 अंशांचा नाजूक भांड्यांचा प्रोग्राम पुरेसा होतो. 65-70 अंशांचा तीव्र प्रोग्राम मसालेदार रश्श्याच्या पातेल्यांसाठी ठेवावा आणि त्या खेपेला काच आत नसावी. तीच गोष्ट ॲल्युमिनियमची. अल्कलीने ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग सुटतो, भांडे काळवंडते आणि त्याची राखाडी झाक शेजारच्या काचेवर उतरते. घरात ॲल्युमिनियमचा कुकर असेल, तर तो यंत्राबाहेरच धुवावा.

प्रोग्राम संपल्यावर बंद दाराआड राहिलेली गरम वाफही झीज वाढवते, कारण ती काचेवर थेंब होऊन बसते आणि अल्कलीचा राहिलेला अंश तेथे जमतो. धुणे संपले की दार बोटभर उघडून ठेवावे. रात्री धुणे लावून सकाळी दार उघडण्याच्या सवयीपेक्षा, शक्य असेल तर, झोपण्यापूर्वी संपेल असे धुणे लावावे. पेले वरच्या ट्रेमध्ये, एकमेकांना न टेकता आणि तळावर पाणी साचणार नाही असे थोडे तिरपे ठेवावेत. एकमेकांना घासणाऱ्या पेल्यांवर बारीक ओरखडे पडतात आणि झीज सर्वांत आधी त्या ओरखड्यांपाशी सुरू होते.

परदेशातील मराठी नातेवाइकांकडून आलेला सल्ला ऐकताना एक भान ठेवावे. युरोपातील यंत्रांत सॉफ्टनर असतो, त्यामुळे तेथील माणसे आधी मिठाविषयी विचारतात. अमेरिकेतील बहुतेक यंत्रांत तो नसतो, म्हणून तेथे चर्चा पावडर आणि रिन्स एडभोवती फिरते. सॅन फ्रान्सिस्को शहराला ‘हेच हेची’ नावाच्या जलाशयाचे अतिशय हलके पाणी मिळते, तर लंडनला खडूच्या खडकातून आलेले जड पाणी. सॅन फ्रान्सिस्कोतील बहिणीने दिलेला 'पावडर निम्मी कर' हा सल्ला तिच्या घरी अचूक असेल, पण लंडनच्या भावाच्या घरी तो पांढरे पेले देईल.

काच निवडतानाही विचार करावा. बोरोसिलिकेट काचेत सोडियम बरेच कमी असते, त्यामुळे पाणी आणि आम्लापुढे ती उत्तम टिकते. तीव्र अल्कलीपुढे मात्र तिचीही मात्रा पूर्ण चालत नाही, म्हणून तिलाही अमर समजू नये. शिशाचे क्रिस्टल, सोनेरी कडेचे आणि रंगीत नक्षीचे पेले यंत्रात घालूच नयेत. आजीच्या कपाटातून आलेली जुनी काचही तशीच बाहेर ठेवावी, मग ती परदेशातून आलेली असो की 1908 साली लोकांच्या पैशा-पैशातून उभ्या राहिलेल्या तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याच्या काळातली. त्या काळी काच घडवणाऱ्यांनी डिशवॉशर डोळ्यांसमोर ठेवले नव्हते आणि ती काच पुन्हा मिळणार नाही.

जे पेले क्षारांनी धुरकट झाले आहेत, ते मात्र पूर्ववत होतात. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबाचे सत्त्व, लिटरला दोन चमचे या प्रमाणात विरघळवून त्यात पेले पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावेत आणि मऊ स्पंजने पुसून धुवावेत. थर जुना असेल तर पुन्हा एकदा करावे. यंत्राच्या आतही तसाच थर असतो, तेव्हा रिकाम्या यंत्रात पावडर न घालता तेच सत्त्व घालून एक गरम धुणे लावावे. व्हिनेगर वारंवार वापरल्याने रबरी पट्ट्या खराब होऊ शकतात, म्हणून येथे सत्त्व बरे. झिजलेल्या पेल्यांवर टूथपेस्ट, बेकिंग सोडा किंवा पॉलिश घासून पाहण्यात वेळ घालवू नये, कारण त्याने आणखी ओरखडे पडतात. असे पेले पाणी पिण्यास सुरक्षितच असतात. ते रोजच्या वापराला ठेवावेत आणि नवे घेतलेले पेले पहिल्या दिवसापासून कमी तापमानाच्या प्रोग्रामवर धुवावेत.